पासष्ट-शून्य-दोनचे अणदूरकर सर

लोहाऱ्यात राघवेंद्र अणदूरकर सरांना न ओळखणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर घाईत असतो. सरांशी ओळख झाली की घाईत राहता येत नाही. संध्याकाळी ते एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतात आणि ओळखीचं कुणी दिसलं की हाक मारून विचारतात, "मोबाईल कुठला घेतलास रे?" तो बिचारा कौतुकानं मोबाईल पुढं करतो. सर तो उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "याच्या पोटातली चिप कुणाची नात आहे, माहीत आहे का तुला?" मग त्याची उमरग्याची जीप गेलीच असं समजायचं.

मी भैरवी, सरांची विद्यार्थिनी. आता त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच जागेवर कॉम्प्युटर शिकवते. सरांवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी चार शब्द वाकडे बोलले तर कुणी गैरसमज करून घ्यायला नको.

सरांचं वेड समजायला थोडं मागं जावं लागतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक चिप असते, सगळी आकडेमोड तीच करते. तिला प्रोसेसर म्हणतात. आता कुठला प्रोसेसर आहे हे दुकानदारालाही धड माहीत नसतं. पण चाळीस वर्षांपूर्वी, घरात आणि शाळेत ठेवता येतील असे पहिले कॉम्प्युटर आले, तेव्हा या चिपांची दोन मोठी घराणी होती. एक पासष्ट-शून्य-दोन, म्हणजे ६५०२. दुसरं झेड-८०. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस एकदा एका घराण्याचा झाला की दुसऱ्याच्या अंगणात पाणीसुद्धा पीत नसे.

सर गणिताचे मास्तर होते. सरकारी योजनेत शाळेला इंग्लंडातला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाला, तेव्हा प्रशिक्षणाला जायला कुणी तयार होईना, म्हणून लग्न होऊन थोडेच दिवस झालेल्या सरांना पाठवलं. परत येताना ते मशीन त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन आणलं. प्रेमलाकाकू म्हणतात, "मला माहेराहून आणताना मात्र ट्रंकेवर बसवलं होतं." त्या मशीनच्या पोटात ६५०२ होती. सर तिच्यात जे गुंतले ते गुंतलेच.

चाळीस वर्षं ते तिच्याबद्दल जे सांगत आले त्याचं सार एवढंच, की ही चिप थोडक्यात भागवते. आकडे हातात धरायला तिच्याकडं तीनच खिसे, पण कुठल्या खिशात काय आहे ते तिला पाठ. उलट झेड-८० म्हणजे नुसतं खिशांचं जाकीट. "खिसे चाचपण्यातच अर्धा वेळ जातो तिचा," असं सर म्हणत. हे ते वर्गात म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, आणि एकदा तर एका मयताला गेले असताना म्हणाले. तिथं त्यांना म्हणायला लावणारा माणूस म्हणजे सोमलिंगअप्पा बिराजदार.

अप्पा साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. कुणाचा ऊस किती आला, कुणाची किती कपात झाली, ते सगळं झेड-८०च्या मशीनवर चालायचं. शिवाय पुण्याला जाऊन त्यांनी स्वतःसाठी एक स्पेक्ट्रम आणला होता. वहीएवढं, टीव्हीला जोडायचं मशीन, त्यातही झेड-८०च. एकदा शाळेचं बीबीसी मशीन बंद पडलं. तालुक्यात दुसरा जाणकार नव्हता, म्हणून सरांनी अप्पांना बोलावलं. अप्पांनी झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्यात झेड-८० न्हाय व्हय? मग काय बगायचं ह्यात?" आणि झाकण लावून चहा पिऊन गेले.

त्या दिवसापासून हॉटेलातलं ते टेबल त्या दोघांचं झालं. अप्पा म्हणायचे, "आमची साडेतीन मेगाहर्ट्झनं पळती, तुमची दोननं. गणिताचे मास्तर ना तुमी? साडेतीन मोठं का दोन?" सर म्हणायचे, "तुमची एका कामाला चार पावलं टाकते, माझी दोन टाकते. दुडकत पळणाऱ्याची पावलं मोजायची नसतात, अप्पा." एक जीपवाला बरेच दिवस समजत होता की दोघं जुन्या गाड्यांच्या ॲव्हरेजबद्दल भांडतात. त्यानं मध्ये पडून डिझेलची बाजू घेतली होती.

पुढं शाळेत लॅपटॉप आले, तेव्हा अप्पा मुद्दाम बघायला आले आणि सरांना म्हणाले, "हे समदे आमच्या भावकीतले बरं का, मास्तर." ते खरंच होतं, झेड-८० आणि लॅपटॉपमधल्या चिपा एकाच मूळ घराण्यातल्या. सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी वाचून काढलं की मोबाईलमधली चिप ज्या लोकांनी बनवली ते बीबीसी मायक्रो बनवणारेच, आणि ६५०२चा साधेपणा बघूनच त्यांना ती सुचली. तेव्हापासून ते रस्त्यावरच्या माणसांचे मोबाईल मागून घेऊ लागले.

अप्पा निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला स्पेक्ट्रम शाळेला भेट दिला. भेट कसली, सरांना टोचत राहावं म्हणून दिला. सरांनी भाषण करून आभार मानले आणि मशीन सामानखोलीत तुटक्या बाकांच्या मागं ठेवलं.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. मुख्याध्यापिका निकिता मॅडम नव्या आहेत, टापटिपीच्या आहेत, आणि त्यांना जुन्या वस्तूंचा राग आहे. समारंभाआधी त्यांनी सामानखोली रिकामी करायला काढली. भंगारवाल्याला टेम्पो घेऊन यायला सांगितलं. व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात ढाली आणि कप खचाखच भरले होते, एक खण तेवढा मोकळा होता. मॅडम सरांना आणि अप्पांना म्हणाल्या, "आठवण म्हणून जुना कॉम्प्युटर एक ठेवू. एकच. दुसरा भंगारात जाईल. कुठला ठेवायचा ते तुम्ही दोघांनी ठरवा."

मॅडम नव्या होत्या हे मी मघाशी म्हणालेच.

हे बोलणं समारंभाच्या समितीच्या बैठकीत झालं. समितीत सर आणि अप्पा तर होतेच, शिवाय धोंडीबा आजोबा होते. शाळेची जागा त्यांच्या शेतातून गेलेली, म्हणून कुठल्याही समितीत ते असतात आणि बहुतेक वेळ झोपलेले असतात. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैल हाकण्यात त्यांचं नाव होतं. सरांचा आणि अप्पांचा आवाज चढला तसे ते जागे झाले. भांडण काय आहे ते मी त्यांना सांगितलं.

"मंग पळवा की," धोंडीबा म्हणाले. "जे मशीन जिकंल ते कपाटात."

दोघांनाही ते पटलं. पण लगेच पुढची पंचाईत. सर म्हणाले, हरलो तर अप्पा म्हणतील चिप हरली, पण खरं म्हणजे... अप्पा म्हणाले, आन मी हरलो तर मास्तर म्हणतील चिप वंगाळ, कुणी हाकली ते बगणार न्हाईत. पुन्हा आवाज चढला.

धोंडीबांनी काठी आपटली. "आमच्या पटात बी हेच भांडन व्हायचं. बैल चांगला का हाकनारा चांगला? तवा आमी बैल बदलायचो. ह्याची जोडी त्यानं हाकायची, त्याची ह्यानं. मास्तर, तुमी अप्पाचं मशीन हाका. अप्पा, तुमी मास्तरचं. जे मशीन आदुगर पोचंल ते कपाटात."

सभेनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्यातली गोम लगेच दिसली. बैठक संपल्यावर मी धोंडीबांना गाठलं. "आजोबा, आपलं मशीन वाचवायचं असेल तर दुसऱ्याचं हळू हाकावं लागेल की. दोघंही मुद्दाम हरायला बघतील."

"बगू दे की," म्हातारा हसत म्हणाला. "पन समद्या गावाम्होरं मुद्दाम हळू हाकनारा गडी म्या अजून बगितला न्हाय."

काम ठरलं ते असं. ज्या संख्या कुणालाच सारख्या वाटून घेता येत नाहीत, त्या, म्हणजे मूळ संख्या, शोधून काढायच्या. मेमरीत संख्यांच्या खुणा मांडायच्या, वाटून घेता येणाऱ्या खोडत जायच्या, उरतील त्या मोजायच्या. मग सगळ्या खुणा पुन्हा मांडून तेच काम परत, पुष्कळ वेळा. संपलं की मशीननं पीप करायचं.

स्पेक्ट्रम सरांच्या घरी आला आणि टीव्हीला जोडला गेला. प्रेमलाकाकूंची मालिका गेली. अप्पांनी आपलं झेड-८०चं पुस्तक दिलं. सरांनी ते दोन बोटांनी धरून घेतलं.

"मी काही फार डोकं घालणार नाही," सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "चालेल एवढा प्रोग्रॅम लिहायचा. शेवटी चिपच तशी. कोण काय करणार?" आणि त्यांनी तसा लिहिलाही. साधा, सरळ, सरकारी कामासारखा. चालत होता. मी म्हटलं, झालं तर मग. त्यांनी मान हलवली, पण पुस्तक मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले, तर काकू दारातच म्हणाल्या, "तुझे सर सकाळपासून 'अरे वा, अरे वा' करतायत. शत्रूच्या घरी जेवायला गेलेत आणि भात मागून घेतायत."

आत सर मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, केस उभे. "भैरवी, हिचा स्टॅक हलवता येतो!"

स्टॅक म्हणजे मेमरीतली एक राखीव जागा. चिप हातातलं काम सोडून दुसऱ्या कामाला जाते, तेव्हा परत कुठं यायचं त्याची खूण तिथं ठेवून जाते. ६५०२मध्ये ही जागा ठरलेली, एका लहानशा कोपऱ्यात. तिथून ती हलत नाही, म्हणून सरांना ती हलवायची कधी कल्पनाच आली नव्हती. झेड-८०मध्ये मात्र ती कुठंही नेता येते, आणि तिथं एका फटक्यात दोन-दोन आकडे टाकता येतात. सरांच्या लक्षात आलं की ही राखीव जागाच नेऊन संख्यांच्या खुणांवर बसवली, तर सगळ्या खुणा जोडीजोडीनं झपाट्यानं मांडता येतील.

"चाळीस वर्षं हा माणूस माझ्यापुढं साडेतीन-साडेतीन करत बसला," सर चिडून म्हणाले, "आणि सांगण्यासारखी गोष्ट एकदाही सांगितली नाही!"

त्यांनी लिहून दाखवलं, चालवून दाखवलं. कालच्या प्रोग्रॅमच्या मानानं हा नुसता सुटला होता. आम्ही दोघंही हसलो. मग मी म्हटलं, "सर, हे ठेवलंत तर स्पेक्ट्रम जिंकेल."

"माहीत आहे मला." त्यांनी तो भाग काढून टाकला आणि मशीन बंद केलं. काकूंनी ताट वाढलं होतं. सर पानावर बसले आणि न खाता नुसती भाकरी मोडत राहिले. माझ्यापेक्षा काकूंनाच राहवलं नाही. "अहो, अप्पा काही खुळे नाहीत. ते हळूच हाकणार. त्यांनी हळू हाकलं आणि तुम्ही जीव तोडून पळवलं, तर तुमच्या हातानं तुमचं मशीन भंगारात जाईल. गाव हसेल."

"हसू दे," सर म्हणाले. पण उठून गेले नाहीत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते मशीन टेम्पोत पडलेलं मला बघवणार नाही गं. पण येत असून मुद्दाम वाईट लिहायचं? वर्गात मी फळ्यावर चुकीचं गणित कधी ठेवलं नाही. पोरांना कळणार नव्हतं तेव्हासुद्धा नाही."

जेवण अर्धं टाकून ते उठले आणि काढलेला भाग पुन्हा लिहायला बसले. काकू मला म्हणाल्या, "बघ, चुकीच्या गणिताचा मला कधी एवढा त्रास झाला नाही, जेवढा यांच्या बरोबर गणिताचा होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आवाज मात्र नेहमीचा, ओरडतानाचा.

अप्पांच्या घरचं मला काही कळत नव्हतं. ते बीबीसी मशीन घेऊन घरात शिरले ते बाहेरच पडले नाहीत. हॉटेलातलं टेबल रिकामं. एकदा त्यांच्या पार्वतम्मा बाजारात भेटल्या. मी विचारलं, "काय करतायत अप्पा?" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तीनच खिशे, तीनच खिशे म्हनत फिरत्यात घरात. एक शर्ट शिवून द्या म्हनलं तर वरडले." त्यावरून काय समजायचं ते मला समजलं नाही.

शर्यतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये दोन टीव्ही मांडले. धोंडीबांनी हलगीवाला आणला होता. पोरं खिडक्यांत चढली होती. जीपवाले आले होते, त्यांच्यात डिझेलवालाही होता. सर पांढऱ्या शुभ्र शर्टात, स्पेक्ट्रमच्या त्या वहीएवढ्या मशीनपुढं अवघडून बसलेले. अप्पा बीबीसीपुढं बसलेले, दाढी वाढलेली, डोळे लाल. एकमेकांकडं बघतही नव्हते.

हलगी कडाडली आणि दोघांनी बटणं दाबली.

पुढं काहीच झालं नाही. मूळ संख्या शोधणारं मशीन बाहेरून अगदी बंद मशीनसारखंच दिसतं. दोन्ही पडदे काळे. हलगीवाल्यानं थोडा वेळ जोर केला, मग त्याचेही हात दमले.

"पळत्यात का?" धोंडीबांनी विचारलं.

"पळतायत, आजोबा."

"दिसंना की!"

पोरं खिडक्यांतून उतरू लागली. मॅडम घड्याळ बघू लागल्या. सर मात्र समोरच्या काळ्या पडद्याकडं टक लावून होते, आणि मला कळत होतं की त्यांनाच नक्की माहीत नाही आपण कशाची वाट बघतोय.

मग स्पेक्ट्रम बारीक आवाजात वाजला. धोंडीबांनी हात वर करायला काठी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यात बीबीसीही वाजला. एवढाच फरक. हॉलमध्ये एकदम आरडाओरडा झाला. सर जिंकले होते आणि त्यांचं मशीन हरलं होतं.

सर मात्र गर्रकन अप्पांकडं वळले होते. आता चेहऱ्यावर हार नव्हती आणि जीतही नव्हती, नुसतं नवल होतं. इतक्या जवळ येणारा प्रोग्रॅम हळू हाकलेला असूच शकत नव्हता. ते उठून बीबीसीपुढं गेले. "अप्पा, दाखवा." अप्पांनी आपला प्रोग्रॅम पडद्यावर काढला. सर वाचत गेले. ६५०२च्या मेमरीत अगदी सुरुवातीचं एक पान असतं, चिपचा हात तिथं सगळ्यांत लवकर पोचतो. सगळे जण त्यात आकडे ठेवतात, सरही ठेवत. अप्पांनी चालता प्रोग्रॅमच त्या पानात नेऊन बसवला होता, आणि तो पळता पळता स्वतःतलेच आकडे बदलत होता.

"हे मला कधी सुचलं नाही," सर म्हणाले.

"आन तुमी स्टॅक हलवला," अप्पा म्हणाले. त्यांनीही सरांच्या पडद्यावर बघून घेतलं होतं. "आमच्या सायबानं पैल्याच दिशी सांगितलं व्हतं, स्टॅकला हात लावायचा न्हाय, शेतकऱ्याचा हिशेब बुडंल. म्या नोकरीभर लावला न्हाय. माझीच चिप, मास्तर. माझ्या हातून कदी एवढी पळाली न्हाय."

मॅडमनी स्पेक्ट्रम कपाटात ठेवला, कुलूप लावलं. फोटो झाले. फोटोत सर हसतायत, कारण फोटोवाल्यानं सांगितलं होतं. अप्पांचं मशीन काचेमागं होतं, आयुष्यभर म्हणत आले ते गावापुढं सिद्ध झालं होतं, आणि सोमलिंगअप्पा बिराजदार तोंड पाडून एका बाकावर बसले होते. इतका दुःखी जिंकलेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

दुपारी टेम्पो आला. बाकं चढली, मोडके पंखे चढले, लोखंडी टेबल चढलं. बीबीसी मायक्रो सरांनी शिपायाला उचलू दिला नाही. "नियम ठरला होता. मीच देतो," म्हणाले. रुमाल काढून त्यांनी मशीन पुसलं. कोपऱ्यात धूळ होती ती बोटानं काढली. भंगारात जाणाऱ्या वस्तूची धूळ कशाला काढायची, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प बसला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नक्की कुणाचा ते ठरत नव्हतं. टापटिपीचा असेल.

सरांनी मशीन टेम्पोत ठेवलं. तेवढ्यात अप्पा आले, टेम्पोत हात घातला आणि मशीन बाहेर काढलं.

"ठेवा ते," सर म्हणाले. "हरलंय ते."

"मग? हरलेल्या बैलाला पटावरच सोडून येत्यात व्हय? म्या हाकलंय त्याला. घरी नेतो."

"अप्पा, तुमचं मशीन जिंकलंय. हे कशाला हवंय तुम्हाला?"

"म्या बी हळूच हाकणार व्हतो, मास्तर." अप्पांनी मशीन छातीशी धरलं होतं. "पैल्या दिशी तसंच ठरवलं. मग ह्या बटणांवर बोटं ठेवली. हे लांब बटण बगा, एका बाजूला झिजून खोल गेलंय. किती पोरांनी दाबलं आसंल! पोरांनी येवढं झिजवलेलं मशीन म्या मुद्दाम हळू कसं हाकू?"

सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली, कारण त्याला दोघांपैकी कुणाचंच काही पडलेलं नव्हतं. अप्पा आपल्या स्कूटरकडं निघाले, मग थांबून मागं वळले.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"हिला तीनच खिशे. येवढ्या थोडक्यात हिनं भागवायचं, हे बनवणाऱ्यानं का ठरवलं आसंल?"

सर दोन पावलं पुढं आले. ज्या माणसाशी ते चाळीस वर्षं ६५०२वर बोलत आले, त्यानं तिच्याबद्दल त्यांना हा पहिला प्रश्न विचारला होता. खोचक नाही, खोडी काढणारा नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलेला. आम्ही विद्यार्थ्यांनीही कधी विचारला नव्हता. आम्हाला परीक्षेत येणार असेल तेवढंच हवं असायचं. एरवी न विचारताच तासभर बोलणाऱ्या सरांनी आधी रुमालाची नीट घडी घातली.

अप्पा मशीन धरून थांबले. त्यांना घाई नव्हती.

"स्वस्त व्हावी म्हणून, अप्पा," सर शेवटी म्हणाले. "त्या वेळी चिपा फार महाग होत्या. ही लहान ठेवली, साधी ठेवली, म्हणजे कुणालाही घेता यावी." त्यांनी ते झिजलेलं बटण बोटानं दाबलं. "लोहाऱ्यापर्यंत पोचावी म्हणून."

अप्पांनी मान हलवली. मग सरांनी मशीनची दुसरी बाजू धरली, आणि दोघं मिळून ते स्कूटरवर बांधू लागले.